आपल्या उद्योगाची वेबसाइट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे या विषयावर मी बोलावे असे ठरले तेव्हा काहींना नवल वाटले असेल. पण गेली चार वर्षे मी माझ्या भाच्याजवळ बसून वेबसाइट मांडण्याचे काम करते. यंत्राची बाजू तो पाहतो. काय सांगायचे, कोठे सांगायचे व कोणत्या शब्दांत सांगायचे, ते मी पाहते. सिंदी मेघे व वर्धा येथील ओळखीच्या पाच बायकांच्या वेबसाइट आम्ही केल्या. त्यावरून जे कळले, तेवढेच आज सांगते.

वेबसाइटची ही सोय टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली सर्न या युरोपातील संशोधनसंस्थेत सुचविली. १९९३ साली त्या संस्थेने ती साऱ्या जगाला फुकट मोकळी करून दिली. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. ज्या वस्तूवर कोणाचीच मालकी नाही, ती मसाले कुटणाऱ्या बाईनेही वापरावी, हे योग्यच नव्हे काय?

आणि आपल्या वर्ध्याला ही कल्पना परकी नाही. मगनवाडीतले मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले. खेड्यातल्या कारागिराच्या हातून काय घडते ते लोकांनी येऊन पाहावे, हा त्यामागचा हेतू. वेबसाइट म्हणजे अशीच एक मांडणी. फक्त पाहणारा घरबसल्या पाहतो.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की मागणी येते, मग हा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपवरचा फोटो ओळखीच्यांनाच दिसतो, आणि दोन दिवसांत शंभर निरोपांखाली दडपून जातो. पुण्याच्या अनोळखी बाईला मुंगवड्या हव्या असतील तर ती शोधणार कोठे? तिच्यासाठी एक कायमचे दार हवे.

त्या दारात काय ठेवावे? पाहुणा आला की आपण आधी पाणी देतो, घराण्याची कथा मागाहून सांगतो. तसेच येथे करावे. उघडताच दिसावे : आपण काय करतो, कोठे करतो, वजन किती व किंमत किती, आणि मागणी कोणत्या फोनवर द्यायची. पुष्कळ जणी पहिल्याच पानावर भले मोठे फूल व ‘सुस्वागतम्’ मागतात. मी त्यांना विचारते, “बाई, फूल विकायचे आहे की पापड?” पदार्थ खाण्याचा असेल तर अन्नसुरक्षा खात्याचा चौदा आकडी नोंदणी क्रमांकही लिहावा. त्याने गिऱ्हाइकाचा भरवसा वाढतो.

बहुतेक लोक वेबसाइट फोनवरच पाहतात. म्हणून अक्षर मोठे असावे, आणि फोटो आकाराने हलके करून घालावेत, नाहीतर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जातो. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. दुसरीकडून उचललेला सुंदर फोटो लावू नये. डबा उघडल्यावर वेगळाच माल निघाला तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

भाषेची लाज बाळगू नये. पूर्वी मराठी अक्षरे एका संगणकावर दिसत व दुसऱ्यावर त्यांची चौकटी-चौकटीची रांगोळी होई. युनिकोड आल्यापासून ती अडचण गेली. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा स्वच्छ फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतो. इंग्रजीही ठेवा, पण मराठी पुसून नको.

मालाबद्दल लिहावे ते खरे लिहावे. आपल्या जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव तेथल्याच हळदीचे आहे. बाजारातली कोणतीही हळद दळून तिच्यावर ‘वायगाव’ लिहिणे म्हणजे तेथल्या शेतकऱ्याच्या ताटातले काढून घेणे होय.

कलेच्या कामाची रीत थोडी निराळी. आमच्या एका भरतकाम करणाऱ्या मैत्रिणीला साठ नमुने दाखवायचे होते. आम्ही बाराच ठेवले, पण मोठे, टाका दिसेल असे; आणि प्रत्येकाखाली लिहिले की याला इतके दिवस लागले. लोकांना दिवस कळले तेव्हा भावासाठी होणारी घासाघीस पुष्कळ कमी झाली.

आणि केवळ हौसेसाठी, आठवणीसाठीही वेबसाइट असते. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या वेबसाइटवर त्या २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. पहाटे अंधारात दळणाऱ्या बाईचे नाव कोण विचारीत होते? आज ते जगासमोर आहे. आपल्या सासूबाईंची गाणी, आईच्या हातचे पदार्थ, असे आपणही लिहून ठेवू शकतो.

नावाचाच विषय निघाला म्हणून आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. मुदत संपण्याआधी पैसे भरून ते चालू ठेवावे लागते. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली होती. पैसे यांनी दिले, पण नाव त्याने स्वतःच्या खात्यावर घेतले. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, मुदत उलटली, आणि ते नाव भलत्याच माणसाने घेतले. घरात हजार लेबले छापून पडली होती. जाऊबाईंनी सहा वर्षे मसाले कुटून मिळविलेले नाव एका रात्रीत परक्याचे झाले. त्या बिचाऱ्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

म्हणून माझे हात जोडून सांगणे आहे. काम भाच्याकडून घ्या, जावयाकडून घ्या, की पैसे देऊन घ्या. पण डोमेनचे खाते आपल्या नावावर, आपल्या फोनवर व आपल्या ईमेलवर असावे. पासवर्ड वहीत लिहून कुलपात ठेवावा. मुदतीची तारीख कालदर्शिकेवर, एकादशी-चतुर्थीसारखी, खूण करून ठेवावी. शेताचा सातबारा शेजाऱ्याच्या नावावर कोणी करते काय?

आपल्या मंडळाने महिन्यातून एक दुपार या कामासाठी द्यावी, अशी माझी सूचना आहे. येताना प्रत्येकीने एका कागदावर चारच ओळी लिहून आणाव्या : मी काय करते, कोठे करते, किंमत काय, आणि माझे नाव काय. तिसरी ओळ लिहिताना आपण संकोचतो, आणि चौथीच्या जागी यजमानांचे नाव लिहितो. तेथे आपलेच लिहावे.