दोष गाळणीचा की रक्ताचा?



घसा दुखला आणि एकदोन दिवसांत लघवी चहासारखी तांबूस झाली, तर आपण उन्हाळी लागली म्हणून सब्जाचे पाणी देतो. चार दिवसांत ती निवळते, मग कोणी विचारीत नाही. आम्हां डॉक्टरांनाही यातले मर्म उशिराच कळले.

१९६८ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात झाँ बेर्जे व निकोल ऍंग्ले यांनी मूत्रपिंडाचे सूक्ष्म तुकडे चकाकत्या रंगाने तपासले, तो गाळणीत आयजीए साचलेले! घशाचा, आतड्याचा हा पहारेकरीच. पुढे १९७५ साली बेर्जे यांनीच दाखविले, की दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले तरी तेथेही तोच थर बसू शकतो. म्हणजे मूळ दोष गाळणीचा नव्हे, रक्तातून येणाऱ्या द्रव्याचा.

आई मुलाला मूत्रपिंड देऊ करते, तेव्हा हे तिला सांगावे लागते. सांगताना आमची जीभ अडखळते. अर्थात दिलेले मूत्रपिंड पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकते, हेही सांगतो.

तुकडा काढून तपासण्याची सोय आपल्या पंजागुट्ट्याच्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पण त्याआधी साध्या लघवीत प्रथिन व रक्त दिसते, रक्तदाब कळतो. विश्वस्तांनी एवढी तपासणी शाळकरी मुलांपासून सुरू करावी. सुई-काचेचे काम आम्ही विनामूल्य पाहू.