स्टिल्टमधल्या तीन गाड्या

(रौप्यमहोत्सवी वर्षातील मासिक सभेत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



बँकेतल्या माणसाला बोलायला उभं केलं की तो ठेवी, व्याज आणि वारस नोंदणी यांवर बोलणार, असा एक समज आहे. तो अगदीच खोटा नाही, वारसांवर मी येणारच आहे. पण आजचा विषय मला आपल्या कमिटीनेच दिला. मागच्या महिन्यात नोटीस बोर्डावर कागद लागला, की स्टिल्टमधली वापरात नसलेली आणि कागदपत्रं अपुरी असलेली जुनी वाहनं महिनाभरात हलवावीत, नाहीतर सोसायटी पोलिसांना कळवेल. जागा कमी आणि गाड्या जास्त, तेव्हा कमिटीचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण ‘जुनी वाहनं’ या दोन शब्दांत आपल्याकडच्या तीन गाड्या आल्या. एक माझी १९७१ सालची फियाट. दुसरी ‘बी’ विंगमधल्या आमच्या दिवंगत मित्राची पद्मिनी, जी दोन वर्षं कव्हराखाली आहे. तिसरी तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाची ती मोठ्या टायरची जीप. तिन्ही गाड्यांना कायदा वेगवेगळा लागतो आणि तिघांचे प्रश्नही वेगळे आहेत. तेवढं समजून घेऊन मग काय हलवायचं ते हलवू, एवढंच माझं म्हणणं.

आधी जीपपासून सुरुवात करतो, कारण पोलिसांचा संबंध तिथेच जास्त आला.

ही जीप त्याने उत्तरेकडून आणली. दिसायला झकास. पण आरसी बुकात ती कापडी हुडाची, आणि प्रत्यक्षात वर पत्र्याचं टप. इंजिन दुसऱ्याच गाडीचं. बंपर लोखंडी, दिवे सहा, काचांना काळी फिल्म. घाटाच्या तोंडाशी नाकाबंदीत थांबवली. हवालदारांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिन नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळेना. गाडी चौकीवर. संध्याकाळी त्याचा मला फोन, “काका, तुम्हाला कायद्याचं कळतं, मी असं काय केलंय? मी तर गाडी सुधारलीय!”

त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. आपली पिढी असंच करत आली. जुन्या फियाटमध्ये दुसरं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली फ्लोअरला, पुढच्या सलग बाकाच्या जागी दोन सुट्या सीटा. गॅरेजवाल्याने केलं, आपण कौतुक केलं. पूर्वी मोटार वाहन कायद्यातही वाट होती. आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन बदल करता येत असे. २००० साली कायद्याचं कलम ५२ बदललं आणि ही वाट जवळपास बंद झाली. आरसीवरचा तपशील हा कारखानदाराने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते कलम आता सांगतं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट बसवायला सवलत आहे, पण तेही ठरलेल्या अटींवर आणि आरसीवर नोंद करूनच.

यावर केरळमधून एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. हायकोर्टाने गाडीच्या बांधणीत बदल करायला मोकळीक दिली होती. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तो निकाल फिरवला. कारखान्यातून निघालेल्या नमुन्याची चाचणी होऊन त्याला मान्यता मिळालेली असते. मालकाने गॅरेजमध्ये नवाच नमुना तयार केला तर त्या चाचणीला अर्थ काय उरला, असा त्यामागचा विचार. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-ए आलं. नियमात न बसणारा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात घ्या. आमच्या जीपवाल्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

काळ्या फिल्मचं तर त्याहून जुनं आहे. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१२ मध्येच काचांना वरून फिल्म लावायला मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, तोही कारखान्यातून आलेल्या काचेतूनच. तरी चौदा वर्षं झाली, दुकानं चालूच आहेत! विकणाऱ्याला कुणी विचारत नाही, लावणाऱ्याची पावती फाटते. हे मला पटत नाही. सायलेन्सरचंही तेच. बुलेटचे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवलेले फोटो पेपरात आपण पाहतो. फोटो चांगला येतो, पण तो सायलेन्सर दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा मिळतो.

मात्र इंजिन नंबरच्या बाबतीत मी पोलिसांच्या बाजूने आहे. वाहनकर्जाच्या टेबलावर मी सात वर्षं काढली. इंजिन आणि चेसिस नंबर हीच गाडीची ओळख. चोरीच्या गाडीचं इंजिन फिरतं ते याच वाटेने. आणि त्याहून मोठी गोष्ट आमचा तरुण मित्र विसरला होता, ती म्हणजे विमा. गाडीत असे बदल केले आणि विमा कंपनीला कळवलं नाही, तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. समोरच्या माणसाला इजा झाली आणि ती भरपाई आपल्या अंगावर आली, तर नुसती गाडी नाही, फ्लॅटही जायचा. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला. शिवाय गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये, हेही आहेच. बँकेला तारण म्हणून जी वस्तू दाखवली ती तशीच राहायला हवी ना!

जीप सुटली. दंड भरला, फिल्म काढली, दिवे काढले. टप आणि इंजिन यांचं काय करायचं हा घोळ अजून चालू आहे, कारण जुन्या जातीचं इंजिन भंगारवाल्याकडेसुद्धा मिळेना. तोवर जीप रस्त्यावर काढायची नाही, असं त्याने मला कबूल केलंय. कमिटीने त्याला थोडी मुदत द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आता माझ्या फियाटकडे येतो. तिच्याबद्दल बोलायला लागलो की घरात सगळे उठून जातात, तुम्ही मात्र बसून राहा.

ही ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मी १९८४ साली सेकंडहँड घेतली, बँकेचं स्टाफ लोन काढून. गिअर अजून स्टिअरिंगलाच आहे. पद्मिनीचं उत्पादन थांबलं त्याच सुमारास आपली ही सोसायटी उभी राहिली, आणि मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सीला तिथे वीस वर्षांची मर्यादा आहे. खाजगी मोटारीला आपल्या राज्यात तशी सरसकट मर्यादा नाही. दिल्लीत हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली, सुप्रीम कोर्टाने २०१८ साली ती उचलून धरली. त्या बातम्या वाचून आपल्याकडचे लोक घाबरतात आणि चांगल्या गाड्या भंगारात घालतात. गेल्याच वर्षी ‘सी’ विंगमधली एक धडधाकट गाडी अशीच गेली, हे मनाला लागतं.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून ती वाढवायची. मी २०२१ साली पासिंग केलं तेव्हा फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. ज्याची गाडी हौसेची आहे त्याचं ठीक, पण लहान गावात जुन्या गाडीवरच ज्याचं घर चालतं त्याने काय करायचं, हा प्रश्न मला छळतो.

दुसरा रस्ता आहे विंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा मोटार, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली, अशी गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. म्हणजे १९७६ साली नोंदलेली गाडीही यंदा त्यात बसते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढची पुनर्नोंदणी ५,०००. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. माझ्यातला बँकवाला लगेच हिशोबाला बसला. इकडे पाच वर्षांचे दहा हजार, तिकडे दहा वर्षांचे वीस हजार. दोन्हीकडे वर्षाला दोन हजारच! मग फरक काय?

फरक असा, की विंटेज गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची. मी दर गुरुवारी हिला घेऊन दत्ताच्या देवळात जातो आणि येताना मंडईतून भाजी आणतो. उद्या कोणी हवालदार डिकीतली मेथीची जुडी पाहून म्हणाला, “आजोबा, ही कसली रॅली?”, तर मी काय उत्तर देऊ? श्रीमंतांच्या गॅरेजमधल्या दहा गाड्यांसाठी हा नियम उत्तम आहे. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि तीच जुनी आहे, त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून मी साध्या पासिंगलाच जाणार. महिन्यातून दोन-चार दिवस घरगुती वापराची सवलत विंटेजला दिली, तर कितीतरी गाड्या वाचतील असं मला वाटतं.

पोलिसांचा अनुभव म्हणाल तर फियाटला दोन कारणांनी थांबवतात. अर्ध्या वेळा फोटो काढायला. उरलेल्या वेळा, कारण तीन अक्षरांचा जुना नंबर त्यांच्या मशीनमध्ये सापडत नाही. जुनी हस्तलिखित आरसी बुकं संगणकात चढलेलीच नव्हती. त्यासाठी आरटीओत ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते. मूळ पुस्तक, विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप घेऊन जायचं. तो छाप काढणं हीसुद्धा एक कला आहे, गाडीखाली आडवं होऊन, कागद धरून. माझ्या पाठीला ते आता जमत नाही, जीपवाल्यानेच काढून दिला. एकदा एन्ट्री झाली की मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्येही आरसी येते आणि नाक्यावरची वादावादी संपते. सीटबेल्ट माझ्या गाडीला कारखान्यातून नव्हते, मी बसवून घेतले. त्यात मूळ रूपाचा हट्ट धरू नये, जीव मूळ रूपात राहिलेला बरा.

आता पद्मिनी. ही गोष्ट थोडी नाजूक आहे. वहिनी इथे बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय.

मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तसं कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या अवधीत नावावर करून घेण्याचा अर्ज करायचा. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात राहतं? राहिलं नाही. विमाही संपला. मग मुलाने अर्ज केला तेव्हा कळलं, की आरसीवर १९८० च्या दशकातला एका बँकेचा बोजा अजून तसाच आहे. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोणी भरलाच नव्हता. ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखाही गेली. विकायची म्हटलं तर विकता येईना, आणि भंगारात द्यायचीसुद्धा पंचाईत.

इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. विलीन झालेल्या बँकेचे हक्क आणि जबाबदाऱ्या नव्या बँकेकडे जातात, त्यामुळे फॉर्म ३५ वर सही देणं तिचं काम. चार खेपा झाल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, एवढं जुनं खातं सिस्टिममध्ये दिसत नाही.” मी म्हटलं, दिसत नाही म्हणजेच बाकी नाही, तेवढंच लिहून द्या. पाचव्या खेपेला सही-शिक्का मिळाला. तुमच्यापैकी ज्यांनी गाडीचं कर्ज फेडलंय, त्यांनी आज घरी गेल्यावर आरसीवर बँकेचं नाव आहे का ते पाहावं. निम्म्या घरांत निघेल, पैज लावतो. आणि २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावता येतं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटला लावलंय, गाडीला का नको?

वहिनींची पद्मिनी मुलाच्या नावावर होतेय. पासिंग व्हायचंय, टायर बसलेत, ब्रेक पाहायचेत. मुलगा नाशिकला नेणार म्हणतो, म्हणजे ती जागा दिवाळीपर्यंत मोकळी होईल. कमिटीने तेवढं थांबावं.

माझ्या फियाटची मुदत येत्या पावसाळ्यात संपते. दहा हजार बाजूला काढून ठेवलेत. पुढचं पासिंग २०३१ साली येईल. आमची मुलगी म्हणते, बाबा, आत्ताच माझ्या नावावर करून टाका. तो फॉर्मही मी आणून ठेवलाय, फक्त तिला अजून स्टिअरिंगवरचा गिअर टाकता येत नाही. रविवारी सकाळी सात वाजता मागच्या मैदानात शिकवणी आहे, कोणाला यायचं असेल तर या.