३० पेन्स आणि २० वर्षं

नोव्हेंबर १९७२. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात, हँड्सवर्थ भागात, तीन पोरांनी एका वाटसरूला गाठून बेदम मारलं आणि लुटलं. हाती काय लागलं? ३० पेन्स, किल्ल्या आणि थोड्या सिगारेटी. पुढल्या मार्चमध्ये निकाल लागला. एकाला २० वर्षं, दोघांना दहा-दहा.

वाटमारी इंग्लंडला नवी नव्हती. तरी वर्तमानपत्रांनी ती अमेरिकेहून आलेली साथ ठरवली. समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘पोलिसिंग द क्रायसिस’ या ग्रंथात विचारलं, की समाज याच वेळी एवढा का भ्याला? महागाई आणि बेकारी वाढत होती, खाणकामगारांच्या संपानं सरकार हादरलं होतं. अशा वेळी काळा तरुण हा धोक्याचा चेहरा झाला आणि कडक पोलिसी कारभाराला लोकांची संमती मिळत गेली. न्यायाधीश कडक बोलायचे, वर्तमानपत्रं ते मथळ्यात छापायची आणि त्यातून उसळलेला लोकांचा संताप पुढच्या कडक शिक्षेला आधार व्हायचा.

या मांडणीचा पाया १९७३ मध्ये इयान टेलर, पॉल वॉल्टन आणि जॉक यंग या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी ‘द न्यू क्रिमिनॉलॉजी’त घातला होता. गरिबी आली की गुन्हा आलाच, हे त्यांना मान्य नव्हतं. गुन्हा करणारा माणूस आपल्या परिस्थितीचा अर्थ लावतो आणि निवड करतो. ती निवड समजून घ्यायची, तर संपत्तीची विषम वाटणी, कायदा करणारे हात आणि गुन्हेगार म्हणून शिक्का मारणारी यंत्रणा, हे सगळं एकत्र तपासावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

या विचारात एक उणीव होती. गरिबांच्या वस्तीत चोरी-मारामारीचा मार गरिबांनाच बसतो, याकडे दुर्लक्ष झालं होतं. स्वतः यंग यांनीच १९८४ मध्ये जॉन ली यांच्यासोबत पुस्तक लिहून तिकडे लक्ष वेधलं. हँड्सवर्थच्या त्या वाटसरूचं दुखणं खरंच होतं.

म्हणून श्रोतेहो, गुन्ह्यांची लाट आल्याची बातमी वाचाल, तेव्हा मार खाणाऱ्याच्या बाजूनं जरूर उभे राहा. पण या भीतीतून कुणाच्या हाती जास्त सत्ता जाते आणि कुणाच्या अख्ख्या जमातीवर संशय बसतो, हेही विचारा. हे दोन्ही केल्याशिवाय न्याय पुरा होत नाही.