सेम टू सेम दिसणारे दोन हिरे

मागच्या भागात म्हटलं होतं ना, साखरपुड्याच्या अंगठीनं माझी झोप उडवली होती त्याबद्दल एकदा बोलेन. तर आज तेच. ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देतोय.

सिच्युएशन अशी. अंगठीसाठी मी दीड वर्ष पैसे बाजूला टाकत होतो. हिरा नैसर्गिकच हवा, असं तिच्या आईचं म्हणणं. त्या विषयात मी पडलो नाही, लॅबवाल्यांनी माफ करा. आणि आमच्या आत्याचं एकच वाक्य, "अर्धा कॅरेट तरी हवा हं, लोक विचारतात." म्हणून मी साइट उघडली आणि फिल्टर लावले: गोल, अर्धा कॅरेट, रंग जी, क्लॅरिटी व्हीएस-टू, कट एक्सलंट, जीआयएचं सर्टिफिकेट. ढिगानं खडे आले. सगळे सेम टू सेम. किमती मात्र वेगवेगळ्या.

मग आपण इंजिनिअर लोक काय करतो? एक्सेल शीट. एकोणीस खडे, अकरा कॉलम, प्रत्येक कॉलमला वेटेज. पहिला आला ०.५० कॅरेटचा खडा. कार्टमध्ये टाकला, आणि पैसे भरायच्या आधी टीममधल्या एका मित्राला दाखवला. तो सुरतचा, त्याचे काका आयुष्यभर हिऱ्यांना पैलू पाडत आलेत. त्यानं सर्टिफिकेट पाहिलं आणि म्हणाला, "भाई, एक्सलंट तर लई जणांना मिळतं. खालची आकृती बघ ना."

ती आकृती मी पाहिलीच नव्हती. हिरा बाजूनं कापल्यासारखा काढलेला असतो, त्यावर कोन लिहिलेले असतात. वरचा उतरता भाग तो क्राऊन, खालचा निमुळता भाग तो पॅव्हिलियन, अगदी वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल. माझ्या खड्याचा क्राऊन ३५.५ अंश, पॅव्हिलियन ४१.२, एकूण खोली ६२.८ टक्के. दोन्ही कोन जरा उभे. अशा खड्यात वरून शिरलेला प्रकाश सगळा वर परत येत नाही, थोडा खालून गळतो. मग टेबलाच्या कडेखाली एक मंद, काळपट वर्तुळ दिसू शकतं. तरीही ग्रेड एक्सलंटच, कारण त्या ग्रेडची चौकट बरीच रुंद आहे. आपल्याकडे डिस्टिंक्शन म्हणजे पंचाहत्तरही आणि अठ्ठ्याण्णवही, तसंच.

त्याच यादीत सातव्या नंबरवर एक ०.४८ चा खडा होता. क्राऊन ३४.५, पॅव्हिलियन ४०.८, टेबल ५७, खोली ६१.२. आता गंमत ऐका. अर्ध्या कॅरेटच्या खड्याचा व्यास होता ५.०३ मिलिमीटर, आणि ह्या 'लहान' खड्याचा ५.०६! म्हणजे कमी वजनाचा हिरा वरून किंचित मोठा. कारण कॅरेट हे वजन आहे, आकार नाही. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. पहिल्या खड्याचं जास्तीचं वजन जाड कमरेत आणि खोल पोटात गेलं होतं, जिथे ते कुणालाच दिसत नाही. दोघांत फरक चार मिलिग्रॅमचा, तांदळाच्या दाण्याहून कितीतरी कमी. आणि किमतीतला फरक? बारा हजार. बाजारात ०.५० हा आकडा गाठला की भाव उडी मारतो. पैलू पाडणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो आकडा गाठायला कधी कधी चमक सोडून वजन राखलं जातं.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण मग तसाच अजून एक ०.४८ सापडला. कोन तेच, किंमत जवळपास तीच. एकाची खोली ६१.२, दुसऱ्याची ६१.५. मी तीन रात्री ह्या दोघांवर घालवल्या. ऑफिसच्या स्टँडअपमध्ये जांभया देत होतो.

आणि मग लक्षात आलं, की मी मूर्खपणा करतोय. जीआयए क्राऊनचा कोन जवळच्या अर्ध्या अंशाला राउंड करून छापतं, आणि पॅव्हिलियनचा ०.२ अंशाला. म्हणजे '३४.५' लिहिलेले दोन खडे प्रत्यक्षात जवळजवळ अर्ध्या अंशानं वेगळे असू शकतात. रंगाचं 'जी' हेसुद्धा एक पट्टा आहे, एक बिंदू नाही. डेटाच जिथे राउंड केलेला, तिथे मी दशांशात स्कोअर काढत होतो! कोड रिव्ह्यूमध्ये कुणी असं केलं असतं तर मीच कमेंट टाकली असती.

कागद जिथे संपतो तिथून पुढे व्हिडिओच बघायचा. एवढ्या लहान खड्यांच्या जीआयए डॉसिअरमध्ये आतल्या डागांचा नकाशाही नसतो, त्यामुळे डाग कुठे आहे हे व्हिडिओतच कळतं. पण एक सांभाळा. व्हिडिओ कित्येक पट मोठा केलेला असतो, त्यात व्हीएस-टूसुद्धा भयानक दिसतो. नुसत्या डोळ्यांना तो डाग सहसा दिसत नाही. बघायचं ते एवढंच, की डाग टेबलाच्या मधोमध आहे की कडेला. माझ्या एका खड्यात मधोमध छोटा काळा ठिपका होता, दुसऱ्यात कडेला पांढरट. कडेचा डाग अंगठीच्या प्रॉंगखाली लपवता येतो.

तरीही मी ठरवलं नाही. अंगठी जिच्या बोटात जाणार, तिलाच दोन्ही व्हिडिओ पाठवले. नंबर नाही, किंमत नाही, काही नाही. सरप्राइज गेलं खड्ड्यात. चाळीस सेकंदांत उत्तर: "दुसरा. पहिल्यात मध्ये तीळ आहे." आणि खाली, "तू ह्याच्यासाठी जागतोयस??"

खडा आला तेव्हा परत करायची मुदत किती ते आधी पाहिलं, आणि ती संपायच्या आत ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांनी दहा पट भिंगातून कमरेच्या पट्ट्यावर लेझरनं कोरलेला नंबर मोठ्यानं वाचला, मी सर्टिफिकेटवर जुळवला. मगच कोंदणात बसवायला दिला, कडेचा डाग प्रॉंगखाली जाईल असा. उरलेल्या बारा हजारांत दोघांचं कोकणचं तिकीट आणि दोन दिवसांची खोली झाली.

साखरपुड्याला आत्यानं विचारलंच, "किती कॅरेटचा रे?" मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "अर्ध्याच्या जरा आत, आत्या. या, खिडकीपाशी बघा." आत्यानं चष्मा वर केला, हात धरून खिडकीत नेलं, बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या मंजूला पण घ्यायचीय. ते कोन-बिन तूच बघ हं."

तर सध्या शीटमध्ये नवीन टॅब उघडलाय. भेटू पुढच्या भागात!