आभासी स्मृती : विस्तार आणि मर्यादा



साठ वर्षांच्या आठवणी जागवण्याच्या या प्रसंगी यंत्राच्या स्मृतीचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

संगणकाची मुख्य स्मृती वेगवान; पण महाग, म्हणूनच मर्यादित. चकतीवरील साठा विपुल आणि स्वस्त, पण मंद. आरंभीच्या काळी मोठा प्रोग्रॅम मुख्य स्मृतीत मावत नसे. त्याचे तुकडे पाडून कोणता केव्हा आत आणायचा आणि कोणता बाहेर धाडायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. मूळ प्रश्न बाजूला राहून बुद्धी या ने-आणीतच शिणून जाई.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओझे यंत्रावरच सोपवले. १९६२ साली कार्यान्वित झालेल्या त्यांच्या ॲटलस संगणकाची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची होती. येथे शब्द म्हणजे ४८ बिटांचा गट. फिरत्या चुंबकीय ड्रमवर आणखी ९८,३०४ शब्द मावत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच सलग स्मृती भासे. माहितीची विभागणी ५१२ शब्दांच्या पृष्ठांत केलेली असे. हवे ते पृष्ठ मुख्य स्मृतीत नसल्यास यंत्र ते ड्रमवरून आणी आणि लवकर लागण्याचा संभव नसलेले पृष्ठ ड्रमवर पाठवी. आजच्या विंडोजमधील पेजिंग फाइल आणि लिनक्समधील स्वॅप यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

परंतु आभास तो आभासच. फिरत्या चकतीवरून माहिती आणण्यास मुख्य स्मृतीच्या तुलनेत सुमारे लाखपट वेळ लागतो. मेजावरचे पुस्तक उचलण्यास एक सेकंद लागत असेल, तर हे पुस्तक हाती येण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागेल. तरीही ही योजना यशस्वी होते, कारण कोणताही प्रोग्रॅम बहुधा थोड्याच पृष्ठांभोवती काही काळ घुटमळतो. गणित सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला तरी एका वेळी संपूर्ण पुस्तक कोठे लागते?

त्या त्या वेळी लागणाऱ्या पृष्ठांच्या या संचाची संकल्पना पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडली. चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमांचे असे संच मिळून मुख्य स्मृतीत मावेनासे झाले, की एक पृष्ठ आणण्यासाठी दुसरे बाहेर जाते आणि पुढच्याच क्षणी तेच पुन्हा हवे असते. चकती अखंड धडपडते, काम मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. अशा वेळी पेजिंग फाइल वाढवल्याने स्मृती अपुरी असल्याची तक्रार थांबेल, मंदपणा जाणार नाही. प्रत्यक्ष स्मृती वाढवणे किंवा काही प्रोग्रॅम बंद करणे, हेच त्यावरचे उपाय.

पालकहो, एकाच संध्याकाळी शाळेचा अभ्यास, शिकवणी, छंदवर्ग आणि हातातला मोबाइल या सर्वांना पुरे पडू पाहणाऱ्या मुलाचीही गत याहून फारशी निराळी नसते. ते दिवसभर व्यग्र दिसते आणि तरीही मागे राहते. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्यापुढे उघडलेल्या गोष्टींतील एखादी मिटून पाहावी.