पाटीवर कंत्राटदाराचं नाव आहे, रजिस्टरमध्ये कामगाराचं आहे का?

हेडफोन लावून रस्त्याने चालत असाल, तर आसपास कुठेतरी खोदकाम चालू असणारच. शेजारी एक पाटी असते. कामाचं नाव, रक्कम, कंत्राटदार, मुदत, सगळं त्यावर लिहिलेलं. आत खड्ड्यात जो माणूस उभा आहे, त्याच्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. आजचा एपिसोड त्याच्याबद्दल आहे. महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचं काम घेतलं की सेफ्टीच्या नावाने कंत्राटदाराला कुठली नोंदणी करावी लागते, आणि ती साखळी नेमकी कुठे तुटते, ते बघू.

मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. या विषयात शिरलो ते एका कंत्राटदाराच्या ऑफिससाठी हजेरीचं ॲप बनवताना. मला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे. पण लेबरचे नियम वाचायला घेतले आणि महिना गेला.

आधी नियम, पटकन सांगतो. बांधकाम कामगारांचा केंद्राचा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २००७ चे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. पण मूळ आकडे तेच राहिले. १० किंवा जास्त कामगार असतील तर आस्थापनेची नोंदणी, तीही ६० दिवसांत. बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का सेस. आणि कामगाराने स्वतः कल्याणकारी मंडळात नोंदवायचं असेल, तर वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असलं पाहिजे.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. इथे दोन टेबल आहेत. एकात आस्थापना, दुसऱ्यात कामगार. पहिलं टेबल बऱ्यापैकी भरतं, कारण त्याच्याशी पैसा बांधलेला आहे. टेंडरला कागद लावावे लागतात, विमा पॉलिसी दाखवावी लागते. सेस तर कंत्राटदाराच्या मनावर सोडलेलाच नाही. सरकारी कामात तो बिलातूनच कापला जातो. दुसरं टेबल कसं भरतं? कामगाराने स्वतः जाऊन भरायचं. आणि दोन्ही टेबलं जोडणारा दुवा काय, तर एक कागद. ९० दिवस काम केल्याचा दाखला.

हा दाखला कंत्राटदार देऊ शकतो, गावात ग्रामसेवक देऊ शकतो, शहरात पालिकेचा नेमलेला अधिकारी. ऐकायला सोपं आहे. पण नाक्यावर उभा राहणारा माणूस वर्षभर काम कसं करतो? वीस दिवस गटारावर, मग पंधरा दिवस फुटपाथवर, मग कुणाच्या तरी बिल्डिंगचं प्लास्टर, मध्ये पेरणीला गावी. वर्षाचे दोनशे दिवस भरतात, पण एका मालकाकडे ९० कधीच होत नाहीत. प्रत्येक कंत्राटदार म्हणतो, माझ्याकडे तू वीसच दिवस होतास, मी ९० वर सही कशी करू? एका अर्थी त्याचं खरंही आहे. बेरीज करणारं कुणी नाही. प्रोग्रामिंगमध्ये हे एका ओळीचं काम आहे हो, पण त्यासाठी आधी प्रत्येक साइटचा डेटा हवा.

मग एजंट उभा राहतो. पैसे घेतो, कुठूनतरी दाखला आणतो. परिणाम असा की ज्याने आयुष्यात घमेलं उचललं नाही त्याचंही कार्ड निघतं, आणि खड्ड्यातला माणूस बाहेरच राहतो.

त्यात पेटी कॉन्ट्रॅक्टर. वर्क ऑर्डर एकाच्या नावावर, काम दुसऱ्याकडे, माणसं आणली तिसऱ्या मुकादमाने. कंत्राटी कामगारांच्या लायसनची रेषा ५० कामगारांवर आहे. आठ जणांची टोळी त्या रेषेच्या खाली, आणि १० च्या रेषेच्याही खाली. साइटवर अशा पाच टोळ्या असल्या तरी प्रत्येक मुकादम म्हणणार, माझे तर आठच. खरं तर साइट एकच आहे, त्यामुळे मोजणी सगळ्यांची एकत्र व्हायला हवी. ही गोष्ट मुख्य कंत्राटदाराला माहीत नसते असं अजिबात नाही.

हे सगळं कागदी वाटत असेल, तर खड्ड्याकडे परत चला. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं. गळ्याइतक्या खोल चरात बाजूला आधार न लावता माणूस उतरवला आणि कड ढासळली, तर छाती दाबली जाऊन श्वास थांबायला फार वेळ लागत नाही. त्या दिवसानंतर घरच्यांना दोन ठिकाणी जाता येतं. एक, मंडळ. कामावर मृत्यू झाला तर नोंदणी असलेल्या कामगाराच्या वारसाला महाराष्ट्रात ५ लाखांची योजना आहे. दुसरं, १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला नुकसानभरपाईचा हक्क. तो मंडळाचं कार्ड नसलं तरी जात नाही, हे नीट लक्षात ठेवा. पण तिथेही पहिला प्रश्न येतो, हा माणूस तुमच्याकडे कामाला होता याचा पुरावा काय? मस्टरवर नाव नसेल तर मुकादम सरळ म्हणतो, ओळखत नाही.

आणि पैसा नाही म्हणून हे अडलंय असं समजू नका. २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टासमोर आलेला देशभराचा हिशोब असा होता: सेस ३७ हजार कोटींच्या वर जमा, आणि त्यातला खर्च साधारण साडेनऊ हजार कोटी. कामगारांच्या नावाने कापलेला पैसा, आणि तो घेणारं नावच रजिस्टरला नाही.

माझं मत विचाराल तर नवीन पोर्टल, नवीन ॲप याने हे सुटणार नाही. (माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, असू दे.) किल्ली पालिकेकडे आधीपासून आहे, ती म्हणजे बिल. चालू कामाचं आरए बिल काढताना जेई मापाची एमबी बघतो. त्याच टेबलावर त्या महिन्याचं मस्टर मागा, नावं आणि दिवस. पेटीवाल्यांची माणसंही त्यातच. आणि पालिकेने स्वतः तेवढ्या दिवसांचा दाखला द्यावा, वीस तर वीस. पाच साइटचे पाच दाखले जोडले की ९० होतात. सेस कापायला जमतो, तर नाव लिहायला का जमू नये? कंत्राटदार कुरकुर करतील, कारण खरी हजेरी दिली की पीएफ आणि किमान वेतनही दिसायला लागतं. त्यांची खरी अडचण तीच आहे, आणि माझ्या मते विरोधही तिथूनच येईल.

तोवर तुमच्या ओळखीत कुणी साइटवर जात असेल, तर त्याला एवढं सांगा. नव्या कोडप्रमाणे नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, ते मागायचं. मिळालं नाही तर मोबाइलमध्ये रोज एक फोटो काढायचा, साइटची ती पाटी मागे दिसेल असा, तारीख-वेळेसकट. मजुरी रोख न घेता खात्यावर किंवा यूपीआयने घ्यायची. मुकादमाचे व्हॉट्सॲपवरचे "उद्या आठला ये" असले मेसेज डिलीट करायचे नाहीत. आणि कार्ड आधीच निघालं असेल तर नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवायची, कारण ते दरवर्षी करावं लागतं.