वाचायला आधी धीर लागतो

पवईतल्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की विषय मुलांवर येतो. "चौथीत गेला तरी धड वाचत नाही, डोकंच नाही त्याला," असं कुणीतरी म्हणतंच. आज त्यावरच बोलू या.

नवं नवं वाचणारं मूल एकेक अक्षर, काना, मात्रा जुळवत जातं. सगळं लक्ष त्यातच अडकतं, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. त्यात चुकलं तर मार बसेल ही धास्ती असली, की उरलंसुरलं लक्ष ती खाते. डोकं कमी नसतं, ते भीतीनं भरलेलं असतं. सरावानं अक्षरं आपोआप ओळखू आली, की मन अर्थाकडे वळतं.

ताराबाई मोडकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच अंगणात नेली. आधी गाणी, खेळ, गोष्टी, अक्षरं मागून.

वय वाढलं की भीतीचं रूप बदलतं. लहानाला माराची, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीला चारचौघांत हसं होण्याची. तिला धाकट्या भावंडाला गोष्ट वाचून दाखवायला सांगा. सोपं पुस्तक वाचायची लाज वाटणार नाही.

आणि मोठ्यांचं? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन बसल्या. सगळ्याच आज्या, मग हसणार कोण? आपल्या गटात अंगठा लावणाऱ्या ताई-मावशींनी हे ध्यानात ठेवावं.

दिवसभर चार घरची कामं करून आपण दमतो, खरं आहे. पण रोज दहा मिनिटं मुलाला जवळ घेऊन बसा. त्यानं वाचावं, आपण ऐकावं. आपल्याला वाचता येत नसलं तरी "मग पुढं काय झालं?" एवढं विचारता येतं. अडखळला तर थोडं थांबा, लगेच टोकू नका.

एवढं करूनही जमत नसेल, तर डोळे आणि कान तपासून घ्या, बाईंशी बोला. काही मुलांना वाचनाची वेगळी अडचण असते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्याची तपासणी होते. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. 'ढ' म्हणून शाळा सोडवू नका, एवढंच आमचं सांगणं.